पेटीवरचं द्विवचन

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे मुख्य संपादक महोदय, व्यासपीठावर विराजमान व्यवस्थापक साहेब, आजच्या सत्कारमूर्ती ताई, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले त्यांचे यजमान, पुढच्या रांगेतली ताईंची लेक आणि सासूबाईंसाठी टाळ्या वाजवून तळहात लाल करून घेतलेले जावईबापू, बातमी, छपाई आणि वितरण या खात्यांतले माझे बंधुभगिनी, आणि केवळ अल्पोपाहारासाठी आलेले, पण चेहऱ्यावर तसं दिसू न देणारे सर्व सुहृदहो,

मला चार शब्द बोलायला सांगताना संपादक महोदयांनी बजावलं, "संस्कृत कमी आणि आठवणी जास्त." मी म्हटलं, "यथाज्ञा." ते म्हणाले, "झाली ना सुरुवात?"

तर संस्कृत कमी. पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण तिच्यावाचून पुढचं सांगता येणार नाही. संस्कृतात एकवचन आणि बहुवचन यांच्या मध्ये द्विवचन असतं. दोघांसाठी स्वतंत्र रूप, स्वतंत्र क्रियापद. मराठीनं ते टाकून दिलं. आपल्याकडे एकाचे दोन झाले की लगेच गर्दी होते. आमच्या कचेरीत मात्र द्विवचन एका टेबलावर अनेक वर्षं टिकून होतं. ते टेबल छायाचित्र विभागातलं, ताईंचं.

त्या टेबलावर एक पेटी असे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी कृपया उजवीकडे पाहावं. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या भाऊंच्या पुढ्यात सरकत्या पट्ट्यांची जी पेटी आहे ना, तिची ही धाकटी बहीण. भाऊ, घाबरू नका, तुमच्या पट्ट्यांना कोणी हात लावत नाही. फक्त माझा आवाज थोडा वाढवा. धन्यवाद.

ही पेटी खरं तर संगीतवाल्यांची. मिडी नावाची एक भाषा आहे, तिच्यात वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात. मोठी मितभाषी भाषा. शून्य ते एकशे सत्तावीस एवढेच आकडे तिला येतात. त्यापलीकडे जगात काही असतं याची तिला कल्पना नाही, आणि त्या बाबतीत ती आमच्या हिशेब विभागासारखी आहे. ताईंचं मनगट माऊसनं दुखायला लागलं, डॉक्टरांनी सांगितलं, "माऊस सोडा, नाहीतर मनगट सोडा." तेव्हा ताई वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं अदबीनं विचारलं, "आपण काय वाजवता?" ताई म्हणाल्या, "फोटो."

दुकानदारानं पेटी दिली, पण पैसे घेताना म्हणे दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

संगणकात एक छोटा दुभाष्या प्रोग्राम टाकला, आणि पेटीची पट्टी वर केली की पडद्यावरचा फोटो उजळू लागला. आठ पट्ट्या. डावीकडच्या चार उजेडाच्या: एकीनं सगळा फोटो उजळायचा, दुसरीनं काळा-पांढरा फरक वाढवायचा, तिसरीनं झगमगाट आवरायचा, आणि चौथी सावल्यांची. उजवीकडच्या चार रंगांच्या. ताईंचं मनगट निवलं. पण खरी गंमत नंतर झाली.

आमचे एक छायाचित्रकार. त्यांचं आडनाव काही वेगळंच आहे, पण त्यांना प्रत्येक फोटो काळोखा हवा असायचा, म्हणून सगळे त्यांना 'अंधारे' म्हणतात. हे इतकं रूढ झालं की एकदा त्यांच्या घरच्या लग्नाला कचेरीतून गेलेल्या अहेराच्या पाकिटावरही तेच नाव होतं. हे अंधारे एके दिवशी ताईंच्या मागे उभे राहून नेहमीप्रमाणे कुरकुरत होते, "ताई, किती धुतेस! जरा काळोख राहू दे की." ताई म्हणाल्या, "मागून बडबडू नकोस. खुर्ची घे, बस, आणि तुझ्या त्या चार पट्ट्या तू सांभाळ."

माऊस एकाच हातात मावतो, सभाजन हो. तो शुद्ध आत्मनेपदी, म्हणजे स्वतःपुरतं पाहणारा, प्राणी आहे. पेटीवर मात्र चार हात बसतात. त्या दिवसापासून डाव्या पट्ट्या अंधाऱ्यांच्या आणि उजव्या ताईंच्या. एक फोटो आणि दोन माणसं. तो उजेड कमी करायचा, ही रंग वाढवायची, आणि दोघांच्या ओढाताणीत फोटो असा काही ठरायचा, की दोघांपैकी एकालाही तो एकट्यानं जमला नसता.

भांडणं रोजची. एकदा अंधारे म्हणाले, "ताई, शब्दच बघ ना. छायाचित्र. छाया हवीच!" ताई उसळल्या, "आणि प्रकाशचित्र हा शब्द काय परदेशातून आला?" मग लवाद म्हणून मला बोलावलं. मी सांगितलं की संस्कृतात छाया म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे कांतीही. म्हणजे काळोखही तीच आणि तेजही तीच. ताई म्हणाल्या, "तुला विचारलं की निकाल लागत नाही, नुसता तास होतो. पेटीला आणखी एक पट्टी असती तर मी तुझ्या बातम्यांची लांबी कमी केली असती."

या पेटीत एक खोड होती. महागड्या पेट्यांत पट्ट्या आपोआप जागेवर येतात म्हणे, पण ही गरीब होती. एका फोटोसाठी पट्टी वर नेली की ती तिथेच राहायची. पुढचा फोटो उघडला आणि तिला नुसतं बोट लागलं, की फोटो टुणकन उडी मारून पट्टी असेल तिथे जायचा. म्हणून दोघांचा एक नेम होता. पुढचा फोटो उघडण्याआधी ताई विचारायच्या, "मध्यावर?" अंधारे आपल्या पट्ट्या मधोमध आणून म्हणायचे, "मध्यावर." मगच पुढचा फोटो. आम्ही त्यांची टिंगल करायचो. चहाचा कप ठेवताना कोणीतरी हमखास विचारायचं, "मध्यावर?"

आता मी जे सांगणार आहे ते निरोप समारंभात सांगायचं नसतं, हे मला कळतं. पण ताई निवृत्तीच्या मुदतीआधीच निघाल्या आहेत. कचेरीच्या पत्रकात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलं आहे. त्या समासाचा विग्रह कोणीतरी करायला हवा.

कपडे शिवण्याच्या एका कारखान्याची बातमी होती. कामाच्या वेळात बाहेरच्या दाराला कुलूप घालायचे. बातमी माझीच होती. तिथली एक शिलाई करणारी बाई बोलायला तयार झाली, त्या दाराशी उभी राहायलाही तयार झाली. अट एकच होती, चेहरा दिसता कामा नये. अंधाऱ्यांनी तिला सांगितलं, "बाई, काळोख हे माझं खातं आहे. निश्चिंत राहा." त्यांनी फोटो काढला तो असा, की दाराच्या जाळीतून उजेड येतोय, कुलूप चमकतंय, आणि बाई म्हणजे नुसती काळी आकृती.

त्या संध्याकाळी पेटीवर आधी नाट्यस्पर्धेचा फोटो होता. रंगमंच अगदीच काळा आला होता, म्हणून सावल्यांची पट्टी पार वर नेलेली. मग हा फोटो. "मध्यावर?" "मध्यावर." पडद्यावर दोघांनी कुलूप मोठं करून घेतलं होतं, कारण बातमी कुलपाची होती. कुलपाची एकेक कडा त्यांनी घासूनपुसून काढली. बाकीचा फोटो त्या वेळी पडद्याबाहेर होता. आणि केव्हातरी त्या चौथ्या पट्टीला एक बोट लागलं. अंकाची वेळ झाली होती, पूर्ण फोटो पुन्हा न पाहताच तो छपाईला गेला.

सकाळी अंक हातात घेतला, तर बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. नाकावरचा तीळसुद्धा.

बाईची नोकरी त्याच दिवशी गेली. आम्ही दिलगिरी छापली. दिलगिरी नेहमी लहान टायपात छापतात, तशीच.

संपादक महोदयांनी दोघांना बोलावून विचारलं, "हात कोणाचा?" त्यांचा प्रश्न रास्त होता. सॉफ्टवेअरमध्ये सगळी नोंद असते, पट्टी कुठून कुठे गेली तेही दिसतं. पण सॉफ्टवेअरला आकडा कळतो, हात कळत नाही. आणि चौथी पट्टी नेमकी सीमेवरची. नावाला अंधाऱ्यांची, पण ताईंचं बोटही तिच्यावर रोज अतिक्रमण करायचं. दोघं गप्प राहिले. बाहेर आल्यावरही गप्पच. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्यांनी आपली खुर्ची उचलली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी नेली. तिथे ते माऊसनं, एकटे काम करू लागले.

आम्हाला वाटलं, निवळेल. भावंडांसारखं होतं त्यांचं, किती दिवस टिकणार? टिकलं, महाराज. आजतागायत टिकलं. निरोपसुद्धा तिसऱ्या माणसाच्या हाती जायचे, आणि तो तिसरा बहुधा मी. "त्याला सांग, फोटो मिळाले." "तिला सांग, बरं."

आणि पेटी? उजव्या चार पट्ट्या बोटांनी झिजून चकचकीत झाल्या. डाव्या चारांवर धूळ बसली. मी एकदा ताईंना म्हटलं, "अहो, त्या चार तुम्हीच वापरा ना आता." त्या म्हणाल्या, "त्या त्याच्या आहेत." म्हणजे रंग पेटीवर आणि उजेड माऊसवर. डॉक्टरांनी जो माऊस सोडायला सांगितला होता, त्याच माऊसवर, रोज. आता त्या हाताला चहाचा कप पेलत नाही. आज मघाशी पुष्पगुच्छ त्यांनी डाव्या हातानं घेतला, ते आपण पाहिलं असेल. 'प्रकृतीच्या कारणास्तव' या समासाचा विग्रह हा असा आहे.

या भाषणाची तयारी म्हणून मी या आठवड्यात दोघांना वेगवेगळा भेटलो. आठवणी गोळा करायच्या होत्या. अंधाऱ्यांना विचारलं, "ताईंबद्दल दोन शब्द?" त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. मग म्हणाले, "बोट माझं होतं रे. मध्यावर म्हणालो खरा, पण आणलीच नव्हती मी ती पट्टी. सवयीनं बोलून गेलो. ताईनं पाहिलं असणार. पण साहेबांपुढे एक शब्द बोलली नाही. मग कोणत्या तोंडानं शेजारी बसू?"

संध्याकाळी ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लिहून घेऊ नकोस. बोट माझं होतं. मला नेहमीची खाज, जरासा उजेड, जरासा उजेड. त्यानं पाहिलं आणि मला वाचवायला गप्प राहिला. मग खुर्ची उचलून गेला. बरोबरच केलं त्यानं."

मी विचारलं, "आणि ती बाई?" ताई म्हणाल्या, "गेले होते मी. दार अर्धंच उघडलं तिनं. म्हणाली, चेहरा तर दिसला सगळ्यांना. आता तुम्ही काय बघायला आलात?"

ती बाई आता दुसऱ्या गावात शिलाईच करते, एवढंच मला ठाऊक आहे. तिचं नुकसान भरून आलं असं म्हणण्याचा अधिकार या व्यासपीठाला नाही. ताईंचं मनगटही आता पूर्वीसारखं होणार नाही. पण या दोघांनी त्यावर आणखी एक नुकसान स्वतःहून चढवून घेतलं. प्रत्येकानं गुन्हा आपल्या नावावर लिहिला आणि दुसऱ्याला न्यायाधीश नेमलं. आणि ज्याला न्यायाधीश नेमलं त्याला त्या नेमणुकीचा पत्ताच नव्हता. बोट खरोखर कोणाचं होतं? मला ठाऊक नाही. कदाचित बोटं दोघांचीही होती. पण 'दोघांचं' असं म्हणायला आपल्या भाषेत रूपच उरलेलं नाही, तर बिचाऱ्यांनी तरी काय म्हणावं?

ताई, 'लिहून घेऊ नकोस' हे तुमचं वाक्य मी पाळलं. मी लिहून घेतलं नाही, फक्त बोललो. यजमानसाहेब, तुम्ही माझ्याकडे असे पाहू नका. घरी गेल्यावर त्या काय बोलतील ते तुम्हाला ऐकावं लागेल, याबद्दल मी आधीच तुमची क्षमा मागतो.

आता आभार. संपादक महोदय, आपण मला मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल आपले. व्यवस्थापक साहेबांचे, सभागृहाबद्दल. ध्वनिव्यवस्थेच्या भाऊंचे, कारण माझा आवाज खाली गेला तिथे त्यांनी तो हळूच वर उचलला. आणि ताई, तुमचे. आमच्या काळवंडलेल्या अंकांत तुम्ही इतकी वर्षं माणसांचे चेहरे ओळखू येतील असे ठेवलेत, त्याबद्दल.

बोलण्यात अधिक-उणं झालं असणारच. एरवी वक्ता म्हणतो, क्षमस्व. मी आपल्या बिलांच्या तळाशी जे छापलेलं असतं तेच म्हणतो: चूकभूल द्यावी-घ्यावी. नीट ऐका, दोन क्रियापदं आहेत. या दोघांनी चूक फक्त घेतली, आणि आपापल्या घरी नेऊन जपून ठेवली. देणं राहून गेलं.

अध्यक्ष महोदय, मला दिलेल्या वेळातली थोडी मिनिटं अजून शिल्लक असावीत. शेवटच्या रांगेत, दिव्याच्या बटणांजवळ, आपल्या सोयीचा काळोख पाहून बसलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले आहेत. ती मिनिटं कृपया त्यांना द्यावीत. भाषण ते करणार नाहीत, त्यांना ते येत नाही. पण मधल्या खुर्च्या फार दाटीनं मांडल्या आहेत. त्यांना इथवर चालत यायला वेळ लागेल.