धर्मकाट्याचा चौथा कोपरा

नाव: दीपिका संघपाल खोब्रागडे, वय २६ वर्षे, व्यवसाय: वजनकाटे दुरुस्ती, रा. पळसटोला, ता. नागभीड.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, निकेश हा माझा सख्खा धाकटा भाऊ असून ट्रॅक्टर चालवतो. काल त्याने गावात मोजून ट्रॉलीत भरलेले धान राईस मिलवर नेले. मिलच्या धर्मकाट्यावर, म्हणजे अख्खी ट्रॉली मोजायच्या मोठ्या काट्यावर, ते दोन क्विंटल कमी भरले. वाटेत धान विकले, अशा संशयावरून तो कालपासून इथे बाकावर बसून आहे. घरी चूल पेटलेली नाही.

मी बहीण असल्याने नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नये, काटाच तपासावा, असे मी म्हणाले. त्यावरून आज सकाळी हवालदार आत्राम माझ्यासोबत मिलवर आले.

काटा लोडसेलवर चालतो. तो पोलादाचा ठोकळा असतो. वजन पडले की केसाएवढाही दबत नाही, पण दबतो! त्यावर चिकटवलेली बारीक तार त्याबरोबर ताणली जाते, आखडते, विजेचा प्रवाह किंचित बदलतो आणि त्यावरून किलोचा आकडा येतो. (जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी मला सावकाश बोलण्यास सांगितले.) किराणा दुकानाच्या काट्यात मधोमध एकच लोडसेल असतो, टांगत्या काट्यात एस अक्षरासारखा, काही ठिकाणी तेलाच्या दाबावर चालणारा. धर्मकाट्याला मात्र कोपऱ्याकोपऱ्याला खांबासारखे जाड असतात आणि सगळ्यांची बेरीज होते. एकाने दगा दिला की बेरीज बुडालीच.

हवालदार व मिलचे तीन हमाल अशा चौघांना मी एकत्रच, आळीपाळीने प्रत्येक कोपऱ्यावर उभे केले. तीन कोपऱ्यांवर प्रत्येक वेळी तीनशे किलो आले, चौथ्यावर दोनशे साठ. हवालदार म्हणाले, "मी आत्ताच त जेवलो ना बाई, मंग चाळीस किलो कुठी गेले?"

मी खाली वाकून पाहिले. लोडसेलच्या बाजूला, प्लॅटफॉर्म आणि काँक्रीटच्या फटीत सागाची पाचर ठोकलेली होती. मिलचे चौकीदार श्रावणभाऊ पूर्वी आलापल्लीला सुतारकाम करत. ते लगेच म्हणाले, "काटा हालून राह्यला होता, पोरी. ट्रक पडन म्हून मले भेव वाटे. म्याच मजबूत केला." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. पण काटा थोडा हललाच पाहिजे. तिथले वजन लोडसेलऐवजी पाचरीवरून जमिनीत जात होते.

पाचर काढली. चौथ्या कोपऱ्यानेही तीनशे दाखवले. तेव्हा मी ओरडले व हवालदारांचा हात धरून उडी मारली, हे खरे आहे. मिलमध्ये अडवून ठेवलेली ट्रॉली पुन्हा मोजली. गावचे वजन बरोबर भरले. पाचर पंचांसमोर जमा केली आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना निकेश बाकावरून उठला व "ताई, आईले फोन लावू?" असे म्हणाला. साहेबांनी हो म्हटले. तेवढेही लिहून घ्यावे, मग मी सही करते.