एकशे पस्तीसची परवानगी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष लडकूशेठ म्हात्रे, कोनच्या सरपंच तुळजाताई, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती भूपेश तरे, पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या आई ठमाबाई काकी, आणि कोन, वळ, कामतघरहून वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी संघरत्ना जाधव, कामतघरची. माझे वडील दत्तू जाधव कापडाच्या लूमवर काम करतात. आज शिफ्ट बदलून आलेत आणि मागे दाराशी उभे आहेत. बाबा, बसा की, खुर्च्या रिकाम्या आहेत.

गुरुवारी ठमाबाई काकी रिक्षा करून आमच्या चाळीत आल्या. म्हणाल्या, "भूपेशचा निरोप हाय. त्याचा काम काय हाय ता तुज्याबिगर कोन सांगल? आमाला तं त्यातला काय समजत न्हाय." भूपेश आणि मी कॉलेजात एनसीसीत एकत्र होतो. तीन वर्षं परेड संपली की या बाईच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली आहे मी. त्यांना नाही कसं म्हणायचं?

मघाशी सूत्रसंचालक म्हणाले, भूपेश परदेशात पॅराशूट शिकवायला चालला आहे. थोडं कमी सांगितलं त्यांनी. तो लहान, वेगवान पॅराशूटं सुरक्षित कशी उडवायची, ते शिकवायला चालला आहे. आजचं पॅराशूट गोल छत्रीसारखं नसतं. तो कापडाचा पंख असतो, दोन हातांतल्या दोन दोऱ्यांनी वळवायचा. पंख मोठा असला की तो सावकाश उतरवतो, चूक पोटात घालतो. जितका लहान, तितका वेग जास्त, आणि चुकीला जागा कमी. म्हणून एकेक पायरीनेच खाली यायचं असतं. एकशे नव्वद चौरस फूट, मग एकशे सत्तर, मग एकशे पन्नास, मग एकशे पस्तीस. पायरी गाळायची नाही.

हे मला शिकवलं मृणाली मॅडमनी. उत्तरेत एका लहान धावपट्टीवर त्या प्रशिक्षक आहेत. भूपेश तिथे माझ्या आधी गेला आणि त्यांचा मदतनीस झाला. मग त्याने मला बोलावून घेतलं, हे मी आज सगळ्यांसमोर मान्य करते. पॅराशूटच्या घड्या घालायच्या आणि त्या बदल्यात उड्या मारायच्या, असं माझं काम होतं. कापड लहानपणापासून हाताखालचं, त्यामुळे घडी पटकन जमली. उडायला वेळ लागला. मॅडम प्रत्येक पंखावर पाच परीक्षा घ्यायच्या आणि वहीत सही करायच्या. पंख न कलवता वळणं, दोऱ्या अर्ध्या ओढून वळणं, असं सगळं आधी तीन हजार फुटांवर, जिथे चुकलं तरी सावरता येतं. आणि रोज एक वाक्य पाठ करून घ्यायच्या, "जमिनीजवळ मोठं वळण नाही. वारा पाठीवर असला तर पाठीवर घेऊन उतरा. धडपडाल, पण जगाल."

एकशे सत्तरवर माझ्या पाचपैकी तीन सह्या झाल्या होत्या. त्या आठवड्यात मॅडम बाहेरगावी गेल्या, आणि नेमका पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम ठरला. झेंडे घेऊन दोघांनी जोडीने उतरायचं होतं. भूपेशच्या जोडीची मुलगी तापाने आडवी. जोडीने उतरायचं तर दोघांचा वेग सारखा हवा, आणि भूपेश एकशे पस्तीसवर उडायचा. त्याने माझ्यासमोरही एकशे पस्तीस ठेवलं.

मी म्हटलं, "माझं एकशे पन्नाससुद्धा झालेलं नाही."

तो म्हणाला, "मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, संघरत्नाचा हात चांगला आहे, दे तिला."

"खरंच बोललास?"

"तुझी शपथ."

मी आणखी एकदा विचारलं. तो हसला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता हो. तुम्हीच सांगा, ज्याच्याबरोबर तीन वर्षं एका डब्यात जेवलो, त्याच्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

उतरताना वारा फिरला. मी वाऱ्याबरोबर वेगाने मैदानाकडे निघाले होते, पाहुणे समोर होते. मी घाबरले आणि उजवी दोरी ओढली. एकशे सत्तरवर असं वळण मी खपवून नेलं असतं. या पंखाने मला सरळ जमिनीवर नेलं. वळले मी, ती चूक माझीच, आणि ती मी कोणावर ढकलत नाही. मांडीचं हाड मोडलं, घोट्याचे तीन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी मॅडम दवाखान्यात आल्या. "कोणाला विचारून घेतलंस ते?"

"भूपेशने तुम्हाला फोन केला होता ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "त्याने लेखी दिलंय. तू न विचारता रॅकवरून उचललंस."

संध्याकाळी तो स्वतः आला, शहाळं घेऊन. खुर्ची ओढून बसला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "समजून घे, संघा. खरं सांगितलं तर माझंही काम जाईल. तुझं तर असंही वर्षभर काही होणार नाही."

हाड मोडलं तेव्हा मी ओरडले होते. त्या 'असंही'वर मला ओरडतासुद्धा आलं नाही. माझी वाट लागलीच आहे, तर तिचा आपल्याला उपयोग करून घेऊ, असा हिशेब माझ्या मित्राने माझ्या उशाशी बसून केला होता. शहाळं तिथेच ठेवून तो गेला.

मला तिथून काढलं. बाबा न्यायला आले. चाळीत लोक म्हणाले, पोरीला भलती हौस. बाबांनी घरी येईपर्यंत काही विचारलं नाही. दारात टेकवल्यावर एवढंच म्हणाले, "तू विचारलं होतंस ना?"

"दोनदा विचारलं, बाबा."

"मग झालं."

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आवरतं घ्या म्हणून. घेते, लडकूशेठ. भूपेश, बस, उठू नकोस. काय म्हणालात काकी? माइकवर आलं नाही, मीच सांगते सगळ्यांना. काकी म्हणतायत, "बोल गो, थांबू नको. मना समदा आयकाचा हाय."

दहा महिन्यांनी मॅडमचा फोन आला. त्यांनी त्या आठवड्याचे आपले फोन तपासले होते, भूपेशचा एकही नव्हता. "हे मी त्याच दिवशी बघायला हवं होतं," म्हणाल्या, आणि माझी माफी मागितली. त्यांनी जाब विचारायच्या आत भूपेश नोकरी सोडून निघाला होता. मी परत गेले. सर्वांत मोठ्या पंखापासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या उडीला विमानाचं दार मी सोडतच नव्हते, खोटं कशाला सांगू? गेल्या महिन्यात एकशे सत्तरवर पाचही सह्या पूर्ण झाल्या.

आणि या सोमवारी मला परदेशातून एक पत्र आलं, भूपेशच्या नव्या क्लबचं. सोबत काम केलेल्या माणसांत त्याने माझं नाव दिलं आहे. त्यात एक प्रश्न आहे: हा माणूस शिकणाऱ्याच्या जिवाला स्वतःपेक्षा वर ठेवतो का? भूपेश, मी गप्प बसेन याची तुला इतकी खात्री होती? काकींना माझ्या दारात पाठवलंस, ते त्यासाठीच ना?

उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे. इथे बोलले तेच लिहीन, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पण दुपारपर्यंत थांबेन. त्याआधी तू स्वतः त्यांना आणि मॅडमना खरं लिहिलंस, तर तेही माझ्या उत्तरात येईल. मग ते तुला ठेवतील की नाही, मला माहीत नाही. तिकडे एखादी मुलगी तुला दोनदा विचारेल, "खरंच ना?" तिच्यासाठी हे बोलले.

अध्यक्षांनी वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मंडळाने मला हा मान दिला, त्याबद्दल मनापासून आभार. मोठ्यांसमोर आवाज चढला असेल, सत्काराच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर लहान समजून पदरात घ्या. काकी, तुमची माफी मी इथून मागत नाही. खाली येऊन, तुमच्या शेजारी बसून मागते.

जय भीम, नमस्कार.