साडेअकराची एसटी आणि हळबे डॉक्टरांचं उत्तर

मंडळी, एक पत्र होतं. आलेलं, वाचलेलं, जपून ठेवलेलं—आणि दोन वर्षं उत्तर न दिलेलं!

त्या पत्राची गोष्ट सांगण्याआधी एक विचारतो. दुष्टाच्या हातून पाप होतं, हे लहान पोरालाही कळतं. पण जो मुंगी चुकवून पाऊल टाकतो, कुणाला उलट शब्द बोलत नाही, अशा सज्जनाच्या हातून पाप कसं घडतं? बोला! ...बघा, पहिली रांग लगेच खाली बघायला लागली. आमच्या पेटीवाल्यांनी तर भाताच बंद केला!

तर ऐका. एका गावी सरकारी मेडिकल कॉलेज. तिथं सामाजिक वैद्यक नावाचा विभाग. लोकांत जायचं, आजार का पसरतो ते शोधायचं, हे त्या विभागाचं काम. आणि त्याचे प्रमुख डॉक्टर श्रीनिवास हळबे. माणूस देवभोळा, पुस्तकातला किडा आणि लाजाळू इतका, की लोकांचा विभाग सांभाळायचे आणि लोक दिसले की कपाटामागं व्हायचे! वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांकडं न बघता पंख्याकडं बघत.

या हळब्यांनी क्षयरोगावर एक अहवाल लिहिला. दवाखान्याची नोंदवही घेतली. डोंगरातल्या गावांतले पेशंट—नाव आहे, तपासणी नाही. पुढं शेरा, ‘गैरहजर’. पुन्हा ‘गैरहजर’. डॉक्टरांनी अनुमान काढलं: डोंगरातले लोक तपासणीबाबत उदासीन आहेत. छापून आलं. शाबासकी मिळाली.

आणि महिन्याभरानं आलं पत्र! करंजदऱ्यात आशाताईचं, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेचं काम करणाऱ्या हिराबाई गभाले यांचं. वहीच्या पानावर, निळ्या शाईत.

‘डॉक्टरसाहेब, आमच्या नर्सबाईंनी तुमचा अहवाल वाचून दाखवला. आम्ही उदासीन नाही. आमची एसटी साडेअकराला पोचते. तुमची बेडका घ्यायची खिडकी अकराला बंद होते. माझा धाकटा दीर सोमा तीनदा आला, तीनदा “उद्या सकाळी या” सांगून परत पाठवला. तो आता म्हणतो, मरेन पण जाणार नाही. आम्ही काय करावं ते लिहून कळवा.’

कळलं का मंडळी? माणूस खिडकीशी उभा, आणि वहीत गैरहजर!

डॉक्टर लगेच उत्तर लिहायला बसले. पहिला खर्डा फार कोरडा वाटला. फाडला. दुसरा फार गोड. फाडला. तिसऱ्यात तर त्यांनी तळटीप घातली हो! बाई विचारते आम्ही काय करावं, आणि हे खाली बारीक अक्षरांत संदर्भ देतात! सात खर्डे झाले. ‘उद्या लिहू’ म्हणता म्हणता महिना गेला. मग मनात आलं, आता उशीर झाला, आता कुठल्या तोंडानं लिहू? आणि मग त्याहून वाईट आलं—सोमा गेला असला तर? पत्र एका जाड पुस्तकात ठेवलं. त्या दिवसापासून ते पुस्तक उघडलं नाही. वाचनवेडा माणूस, पण त्या कपाटाकडं पाठ करून बसायला लागला!

दोन वर्षं गेली. वरून हुकूम आला: प्रत्येक विभागात ‘लोकसहभाग, समता व नवोपक्रम समिती’ स्थापन करावी. केवढं नाव! पाटी दारापेक्षा रुंद झाली. अध्यक्ष? हळबे! समितीत एक सदस्य लोकांमधला हवा. तेजल नावाची शिकाऊ डॉक्टर होती, जिभेला हाड नसलेली. तिनं विचारलं, “सर, लोकांपैकी कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?”

डॉक्टर पंख्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षांची नोकरी, आणि एकच नाव आठवलं.

“एक बाई आहेत,” ते म्हणाले. “पण त्यांना समितीत बोलवायच्या आधी मला एक विचारून यायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून निघाले. करंजदऱ्यात हिराबाईंचं घर सापडलं. पन्नाशीची बाई, अंगणात नाचणी पाखडत होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं. बाईनं सूप खाली ठेवलं, खाट टाकली, काळा चहा केला.

आता विचारावं ना? छे! हे म्हणतात, “नाचणी चांगली दिसते.”

“व्हय.”

“पाणी... पाणी पुरतं का उन्हाळ्यात?”

“पुरवतो.”

“डोंगर मोठा आहे तुमचा.”

बाई म्हणाली, “डाक्टर, डोंगर बघाया आलाव व्हय? सोमाचं इचारायला आलाव ना? मग इचारा की!”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मंडळी, दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन झोपलेला माणूस! तो धोंडा उतरणार की कायमचा बसणार, ते आता एका शब्दावर होतं.

हिराबाईंनी घरामागं तोंड करून हाक दिली, “ए सोमा! इकडं ये, तुझं पाव्हणं आलंत!”

आणि गवताचा हा एवढा भारा डोक्यावर घेऊन एक गडी आला. काळा, दणकट, पोट सुटलेला! भारा टाकला, घाम पुसला, म्हणाला, “कोन वो, वैनी?”

डॉक्टर उठले आणि त्यांनी काय केलं असेल? त्याचे दोन्ही हात धरले आणि हमसून रडले! सोमा घाबरला. म्हणाला, “वैनी, ह्यांस्नी काय झालंय? ह्यांचीच तपासनी करा!”

रामकृष्णहरी! हसा, मोकळं हसा. डॉक्टरही हसले, डोळे पुसत हसले.

“पण हे झालं कसं?” त्यांनी विचारलं.

हिराबाई म्हणाल्या, “तुमचं उत्तर येईना. मंग आमी बाया बसलो. पहाटं पाचला दुधाची गाडी शहरात जाती. मानूस त्यात बसत न्हाई, पन बेडक्याची डबी बसती! डायवर म्हनला, दुधाशेजारी बेडका? उतरवा खाली! मंग आमी बांबूची पेटी केली, आत डब्या घट्ट बसवल्या, आन गाडीच्या मागं बाहेरून बांधली. सातला शहरात पोचती.”

“पण घेतं कोण? पेशंट समोर नसेल तर नमुना घ्यायचा नाही, असा नियम आहे. मीच केलेला!”

बाई हळूच म्हणाल्या, “त्येला काय करणार न्हाई ना? ...तुमचंच मुलानीभाऊ.”

मुलाणी! डॉक्टरांच्याच प्रयोगशाळेतले! पहाटेची नमाज करून सातला कामावर येणारे, कधी चढ्या आवाजात न बोलणारे मुलाणी! दोन वर्षं पेटी उतरवून घेत होते. सोमाचा आजार त्यांनीच पकडला. त्याच्यासारखे आणखी दहा. सहा-सहा महिने औषधं पुरी केली, अकराच्या अकरा बरे! आणि नोंद? त्याच वहीत, मागच्या पानांवर. डॉक्टर बिचारे पुढच्या पानांवरचे गैरहजर मोजत बसले होते!

नवोपक्रम म्हणतात तो मंडळी गाडीच्या मागं दोरीनं बांधलेला होता, आणि समितीला पाटीचा रंग ठरत नव्हता!

डॉक्टर म्हणाले, “हिराबाई, मी आजच सांगतो सगळ्यांना. पेटी उजळ माथ्यानं येईल. तुम्ही समितीत या.”

“येईन. पन त्ये मागून,” बाई म्हणाली. “मुलानीभाऊ दिवाळीला रिटायर हुतो. नवा मानूस नियम दाखवील. तोंडी सांगितल्यालं लई ऐकलंय, डाक्टर. मी पत्र लिव्हलं हुतं, मला पत्राचं उत्तर पायजे. जावक नंबर घालून. पोष्टानं. म्हंजे खिडकीवर दाखवता ईल.”

डॉक्टर परत आले ते थेट प्रयोगशाळेत, आणि म्हणाले, “करंजदऱ्याहून आलोय.” मुलाणी उठून उभे राहिले, चेहरा पांढरा. “सर, नियम मोडला. जी शिक्षा...”

“मुलाणी,” डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदाच पंख्याकडं न बघता समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “तुम्ही मला एका मरणाच्या पापातून सोडवलंत. बसा. आणि पेटी किती वाजता येते ते नीट सांगा, मला नियम लिहायचाय.”

आता तुम्हाला विचारतो. तुम्ही सज्जन आहात, मला माहीत आहे. पण तुमच्या टेबलावर, उशाखाली, मनात—कुणाचं उत्तर थकलंय? योग्य शब्द सापडेनात म्हणून गप्प आहात ना? तिकडं कुणीतरी खिडकीशी उभं आहे, आणि तुम्ही त्याला गैरहजर लावलंय! शब्द वेडेवाकडे असू देत हो. पोचू देत!

हळब्यांनी आठवा खर्डा लिहिला. चार ओळी. ‘चूक आमच्या खिडकीची होती. तुमच्या गावाचे नमुने यापुढे सकाळी सातला, पेशंट नसतानाही घेतले जातील. कुणी नाकारल्यास हे पत्र दाखवावे. उत्तराला दोन वर्षे लागली, क्षमा असावी.’ सही केली, शिक्का मारला, कारकुनाकडून जावक नंबर घातला. तळटीप नाही!

तेजल म्हणाली, “द्या सर, शिपाई टाकेल.”

“नको,” डॉक्टर म्हणाले. कॉलेजच्या फाटकापर्यंत भर उन्हात स्वतः चालत गेले, आणि तांबड्या पेटीत पत्र टाकलं.