छत बनावट नाही

नाव: सरोजिनी उद्धव मुखेडकर. वय: ६७ वर्षे. धंदा: टेलिफोन खात्यातून निवृत्त. राहणार: दुसरा मजला, शिवगंगा अपार्टमेंट, लातूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती उद्धव असे दोघे राहतो. आमच्या बरोबर वरच्या घरात तक्रारदार महादेवप्पा, आडत व्यापारी, हे राहतात. मी केलेले छत उतरवावे, अशी त्यांची मागणी आहे.

तक्रारीत मी घरात 'बनावट छत' तयार केले असे लिहिले आहे. ते फॉल्स सीलिंग आहे. बनावट नोट असते, बनावट सही असते. माझे छत खरे आहे आणि लेव्हलमध्ये आहे. कोणीही येऊन पाहावे. हवालदारसाहेब म्हणाले, "मॅडम, फॉल्सला मराठीत बनावटच म्हणत्यात." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. फॉल्स म्हणजे काय ते मला शिकवू नये.

छत करण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, माझे पती मागच्या पोळ्यापासून अंथरुणावर आहेत. ते बोलत नाहीत. ते उताणे असतात. त्या खोलीच्या स्लॅबला ओल येऊन काळा डाग पडला होता आणि पोपडे पलंगावर पडत होते. कारागीर रोज 'उद्या येतो' म्हणायचा. तेव्हा मी ड्रिल विकत आणले. मोबाइलवर पाहून स्लॅबला हूक बसवले, तारा सोडल्या, तारांना पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट टांगली आणि तीत पांढऱ्या टाइल्स ठेवल्या. माझी नोकरी तारांमध्येच गेली आहे. पतींची देखभाल करणाऱ्या धुरपताबाई यांनी शिडी धरली.

ओल तक्रारदारांच्या न्हाणीघरातून येते. त्यांच्या मते त्यांचे न्हाणीघर ठणठणीत कोरडे आहे. म्हणून मी टाइल्सच्या वर, गळतीखाली, एक परात ठेवली आहे. ती रोज संध्याकाळी रिकामी करते.

गेल्या रविवारी दुपारी तक्रारदार छत्री घेऊन आमच्याकडे आले. पाऊस नव्हता.

"मॅडम, माझ्या फरशीला भोकं पाडायलात तुम्ही."

"अप्पा, भोकं माझ्या छताला आहेत."

"तुमचं छत म्हणजे माझी जमीन हाय!"

"मग जमिनीतून गळतं ते पाणीही तुमचंच."

"एक थेंब गळत न्हाई!" असे म्हणून त्यांनी छत्रीच्या टोकाने टाइल वर ढकलली. ती टाइल नको, दुसरी कोणतीही ढकला, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. परात कलंडली. तक्रारदार भिजले. छत्री त्यांनी त्यानंतर उघडली.

मी त्यांच्या अंगावर घाण पाणी टाकले हे खरे नाही. पाणी त्यांचेच होते, त्यांना परत मिळाले. त्याला त्यांच्याच साबणाचा वास होता. परातीला पोचा आला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छत शाबूत आहे आणि ते मी उतरवणार नाही.

तक्रारीच्या शेवटी लिहिले आहे की, 'सदर वेळी पती-पत्नी दोघेही मला मोठमोठ्याने हसले.' मी हसले नाही. मी पलंगाकडे पाहत होते. धुरपताबाई ओरडल्या, "बाई, ओ बाई, काका हासायलेत!"

हवालदारसाहेब म्हणाले की, तक्रारदार आता थंड झाले आहेत. हसण्याचे वाक्य ते काढून घेतील आणि प्रकरण इथेच मिटेल. मी त्याला नकार दिला. ते वाक्य काढू नये. मी डॉक्टरांना फोन करून सांगितले, तर ते म्हणाले, घरच्या माणसांना असे भास होतात. तक्रारदार घरचे नाहीत. त्यांना माझ्या बाजूने बोलायचे काही कारण नाही. तरी त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल मला आजच मिळावी.

माझा जबाब मला वाचून दाखवला, मग चष्मा लावून मी स्वतःही वाचला. 'बनावट' हा शब्द जिथे माझ्या तोंडी घातला होता तिथे खोडला आहे. 'हसले' तसेच ठेवले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
सौ. सरोजिनी मुखेडकर