समुद्र दिसणारं घर

ब्रिजटाउनमध्ये मी वकिलांकडे माझ्या कामासाठी बसले असताना समोरच्या बाईंच्या मुठीतून किल्लीचं फक्त टोक दिसत होतं. शेजारी टोरांटोहून आलेला त्यांचा भाऊ होता.

“ताई, घर मला विकायचं का, याचा वर्षभर विचारच करतेयस! सुट्टीपुरतं घर हवंय मला. खिडकीतून समुद्र दिसतो गं.”

“विन्सलो, लाकडी घर तेवढं माझं. जमीन दुसऱ्याची, भाड्याने फक्त मला दिलेली. विकत घेतलंस, तर फळ्या सोडवून ट्रकवर घालून न्यायचं.”

“मग समुद्र?”

“ट्रक किनाऱ्यानेच जाईल. तेवढ्यात बघून घे.”

“आणि तू कुठे राहशील?”

“बरं झालं, आज तरी विचारलंस!”

“चुकलं बाई. मग आता?”

“सुट्टीला ये, खा, झोप, समुद्र बघ. भांडी तू घासायचीस. आणि घर मी विकणार नाही.”