पोर्चचा पडदा मी सोडला होता

पुरवणी जबाब
दि. १५ मे २०२६, सकाळी १०.४० वा.

मी, सौ. छाया बाबाराव कामडी, वय ५६ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, रा. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा. मला आज कोणी बोलावलेले नाही. हॉस्पिटलमधून ऑटो करून मी आपल्या मनाने पोलीस स्टेशनला आले आहे व समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती बाबाराव, वय ६१, असे दोघे राहतो. पती पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. आमच्या भिंतीला लागून प्रेमदास झाडे व त्यांची पत्नी जयवंता यांचे घर आहे. मधली भिंत वीतभर कोणाकडे सरकली यावरून दोन वर्षांपासून आमचे त्यांच्याशी बोलणे नाही. भिंत छातीइतकी उंच आहे. त्यांचे तोंड दिसू नये म्हणून भिंतीवर पोर्चच्या छतापर्यंत आम्ही ताडपत्री बांधलेली आहे. ती मीच बांधायला लावली होती.

काल सायंकाळी ५ वाजता हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझा जबाब घेण्यात आला. त्यात मी सांगितले की, प्रेमदास झाडे यांनी जुन्या रागातून माझ्या पतीच्या डोक्यात लोखंडी सब्बल (पहार) मारली. तसे घडलेले नाही. मी मुद्दाम खोटे बोलले नाही, पण जे बोलले ते खरे नव्हते. खरे काय ते आता सांगते. घरचा हिशेब मी लिहिते, त्यामुळे वेळा पाहून ठेवायची मला सवय आहे.

माझी मुलगी मोहिनी हिची प्रसूती सहा दिवसांपूर्वी झाली. काल सायंकाळी तिला व बाळाला घरी आणायचे होते. आमची पेट्रोलची गाडी तेरा वर्षे जुनी आहे व तिचा ए.सी. मागच्या उन्हाळ्यापासून गरम हवा फेकतो. एवढ्या उन्हात सहा दिवसांचे लेकरू त्या गाडीत कसे आणावे, याचा आम्हाला घोर होता. गॅरेजवाल्याने ए.सी.त गॅस भरायचे पैसे जास्त सांगितले व दोन दिवस गाडी ठेवा म्हणाला. तेव्हा पती म्हणाले, "मोबाईलवर सगळं दाखवते. डबा आणा, नळी लावा, झालं. माह्यानं होते हे." मीही हो म्हटले. पैसे वाचतात म्हणून हो म्हटले.

पतींनी वर्ध्याहून गॅसचा डबा व काट्याचे घड्याळ असलेली नळी आणली. काल गुरुवारी दुपारी १.१० वाजता त्यांनी गाडी तोंड घराकडे करून पोर्चमध्ये घेतली. धुराचा पाइप फाटकाच्या बाजूला होता. पोर्च बाकी तिन्ही बाजूंनी बंद आहे व फाटकाच्या बाजूने युरियाची रिकामी पोती उसवून मी शिवलेला पडदा आहे. उन्हाळ्यात तो आम्ही खाली सोडून पाण्याने भिजवतो, म्हणजे झळ आत येत नाही. पतींनी तो आधीच गुंडाळून वर बांधला होता.

मी त्यांना म्हटले, "पडदा सोडते ना वो, ऊन लागंन तुमाले."

ते म्हणाले, "राहू दे वर. गाडी चालू ठेवा लागते, धूर निघाले जागा पायजे."

"मंग तुमाले सलाइन लावाले कोन नेईन? पोरगी का बाळ घेऊन धावन?"

"बरं, अर्धा सोड. पण अर्धाच."

मी अर्धा सोडला. पतींनी इंजिन चालू केले, ए.सी. पूर्ण फिरवला, दारे उघडी ठेवली, बॉनेट उघडून ए.सी.च्या जाड पाइपवरचे टोपण काढून तिथे नळीचे टोक बसवले व डबा हलवत उभे राहिले. घड्याळाचा काटा हिरव्या पट्टीत आला तेव्हा १.३५ झाले होते. त्यांनी नळी काढली. गाडीतल्या ए.सी.च्या जाळीतून थंड वारा येत होता, माझा हात त्यांनी त्यासमोर धरला. "पाह्य, बाप्पा! महाबळेश्वर!" असे म्हणाले. महाबळेश्वर आम्ही दोघांनीही पाहिलेले नाही.

पुढे किती थंड झाले ते मोजून पाहायचे होते. व्हिडिओत जाळीत थर्मामीटर लावतात. आमच्याकडे ताप पाहायचे पाऱ्याचे थर्मामीटर आहे, ते मी देव्हाऱ्याखालच्या डब्यातून काढून दिले. पतींनी ते जाळीत खोचले, सगळ्या काचा वर केल्या, दारे लावली व आत बसले. पारा एकशे आठवर चढलेला होता, तो खाली उतरायची वाट पाहत बसले. तापाच्या थर्मामीटरचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. मोहिनीचे ताप मोजण्यात माझा अर्धा जन्म गेला, तरी त्या वेळी मला हे सुचले नाही. मी काचेवर टकटक केली तर त्यांनी पाऱ्याकडे बोट दाखवून मान हलवली व "थांब" असा हात केला.

मग मी घरात जाताना पडदा पूर्ण खाली सोडला. खाली उडू नये म्हणून दोन विटा ठेवल्या व बादलीभर पाणी टाकले. पती गाडीत पाठमोरे होते, त्यांना ते दिसले नाही. मी त्यांना सांगितले नाही. विकत आणलेली थंडी झळीत जाऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. धुराचे ते म्हणाले होते, ते मी ऐकले होते.

१.५० वाजता मी देवासमोर पोथी घेऊन बसले. गुरुवारी मी एक अध्याय वाचते व अध्याय संपल्याशिवाय उठत नाही. २.१५ च्या सुमारास हॉर्न वाजला. एकदा थोडा वाजला, मग लांब वाजत राहिला. मला वाटले, हॉर्नही तपासून राह्यले. अध्याय अर्धा होता. मी उठले नाही. मी आवाज वाढवून वाचले.

त्यानंतर भिंतीपलीकडून प्रेमदास झाडे यांचा आवाज आला. ते म्हणत होते, "ओ बाबारावजी! काऊन वाजवून राह्यले भर दुपारी? मानसानं झोपाव का नाई? भिंत घेतली, आता झोपही घेता का?" हॉर्न थांबला नाही. मग ते म्हणाले, "थांबा, येतोच मी." मला वाटले आता भांडण होते. म्हणून मी वाचतच राहिले, की पती त्यांचे ते पाहून घेतील.

मग काच फुटल्याचा आवाज आला. तेव्हा मी उठले. पोर्चमध्ये आले तर भिंतीवरची ताडपत्री फाटलेली, पतींचे डोके हॉर्नवर, कपाळातून रक्त, आणि झाडे यांच्या हातात सब्बल. धुराने माझे डोळे चुरचुरले. मी ओरडले, "मारलं! माह्या मानसाले मारलं!"

झाडे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पडदा फाड आधी, बाई! पडदा!" मी फाडला नाही. मी ओरडत फाटकाबाहेर गेले. तो पडदा त्यांनीच सब्बलीने खाली पाडला, फुटलेल्या काचेतून हात घालून दार उघडले, पतींना काखेत धरून रस्त्यावर कडुनिंबाखाली आणून निजवले व इंजिन बंद करायला परत आत गेले. परत येताना ते भिंतीला धरून खोकत होते. तोवर माझे ओरडणे ऐकून माणसे जमली होती. माझे ऐकून त्यांनी झाडे यांना धरले व मारहाण केली. जयवंताबाई मध्ये पडून म्हणत होत्या, "अरे त्यानं काढलं त्याले! काढलं त्यानं!" त्यांचे कोणी ऐकले नाही. मी ऐकले. त्या वेळी मी काही बोलले नाही.

पतींना ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलला नेले. झाडे यांना पोलीस घेऊन गेले, ते मी पाहिले.

रात्री डॉक्टरांनी मला बोलावून विचारले, गाडी बंद जागेत चालू होती काय. मी होय म्हटले. ते म्हणाले की रक्तात गाडीच्या धुराचा अंश आहे, डोक्याला फक्त काच लागली आहे, तीन टाके पडले, सब्बलीचा मार कुठेही नाही. आणखी दहा-पंधरा मिनिटे गेली असती तर सांगता येत नव्हते, असेही म्हणाले. आज सकाळी ६.२० वाजता पतींनी डोळे उघडले. ऑक्सिजनची नळी बाजूला करून पहिले विचारले, "पारा उतरला का वो?" मी नाही म्हटले. रडता रडता मला हसू आले, तर नर्सबाई पाहायला लागल्या. ७ वाजता त्यांनी चहा मागितला व पूर्ण घेतला. मोहिनी त्याच हॉस्पिटलमध्ये खालच्या मजल्यावर आहे. तिने बाळ आणून त्यांच्या कुशीत ठेवले, तेव्हा त्यांना नातवाचे तोंड नीट ओळखता आले व नाव काय ठेवायचे यावर ते मोहिनीशी वाद घालू लागले. ते सर्व मी डोळ्यांनी पाहिले आहे. देवाने त्यांना परत दिले. देवाने कोणाच्या हाताने दिले, तेही मला माहीत आहे.

त्यानंतर मी पतींना पडद्याचे सांगितले. त्यांनी ऑक्सिजनची नळी पुन्हा बाजूला केली. मग म्हणाले, "माह्यं नंतर पाहू. तो बिचारा तिथं बसून असन, जाय आधी." म्हणून मी आले.

तरी प्रेमदास झाडे यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. गाडीची काच त्यांनी माझ्या पतींचा जीव वाचवण्यासाठी फोडली. मी सांगितल्यामुळे त्यांना मार बसला व रात्रभर येथे बसावे लागले. त्यांना सोडून द्यावे. ते सुटेपर्यंत मी येथेच थांबणार आहे. चुकीचे सांगितल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती मला मान्य आहे.

जबाब लिहिणाऱ्या ताईंनी "गैरसमजातून घडले" असे लिहून संपवते म्हटले. मी तसे नको म्हटले. हॉर्न ऐकून मी उठले नाही, हे जसे सांगितले तसेच राहू द्यावे, अशी विनंती केली व ते राहिले आहे.

वरील जबाब मराठीत लिहिला असून, प्रेमदास झाडे बाजूच्या खोलीत बाकावर बसले आहेत त्यांनाही ऐकू जावा म्हणून, माझ्या विनंतीवरून मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ते आतून म्हणाले, "बाबारावजी बोलते का आता?" मी म्हटले, "हो भाऊजी, बोलते. चहा घेतला." ताई म्हणाल्या की हे जबाबात लिहायची गरज नाही. मी लिहायला सांगितले. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे.

सही
सौ. छाया बाबाराव कामडी