सांबाराखालचा लॅपटॉप

नाही, आधी ते दार लोटून घ्या, हेमसिंगभाऊ, मंग सांगतो — पुरं नोका लावू, गिऱ्हाईक वापस जाईन तुमचं — पण आमच्या आसेगावचं कोणी पाह्यलं तं म्हणीन, रामराव भाजीबाजार सोडून कंप्युटरच्या दुकानात काय करून राह्यला. हा, बस एवढं. आता पाहा — थांबा, सांबाराच्या, तुमच्या शहरातल्या कोथिंबिरीच्या, जुड्या बाजूले करतो, ओल्या हायेत, पण लॅपटॉपले पाणी नाही लागलं, दुहेरी पन्नीत गुंडाळून कॅरेटात खाली ठेवला म्या अन् वरून सांबार रचला. हासू नोका. मालाच्या गाडीत चढताना साऱ्या गावाचे डोळे राहतात कॅरेटावर, एकानं जरी निकिताले सांगतलं की तुहा बाप तुहा लॅपटॉप घेऊन वाशीमले गेला तं — म्हणजे चोरून आणला असं काही नाही, बापानं लेकीची वस्तू दुरुस्तीले आणली तं ते काय चोरी होते काय? नाही होत. आज ती शुभांगीच्या, मैत्रिणीच्या तिच्या, साक्षगंधाले मंगरूळले गेली. संध्याकाळच्या गाडीनं येते. त्याच्या आत हा तिच्या टेबलावर जसा होता तसा पाह्यजे मले.

ओळखला ना? तुमच्याच दुकानातला. दिवाळीत घेतला, तुमी वरून बॅग देल्ली होती फुकट. अन् आत ते टाकून देल्लं होतं — हळूच बोलून राह्यलो ना भाऊ — ते लक्ष ठेवाचं. ती घरी लॅपटॉप उघडे अन् मले वावरात मोबाइलवर दिसे, काय पाह्यते, काय लिहते, सारं. तुमीच म्हणे होते तवा, काका, आजकाल गंज मायबाप टाकून घेतात, लेकरायच्या भल्यासाठीच असते. मी कुठं नाही म्हणून राह्यलो? चांगलं चालू होतं. उघडला की पहिले ते पिवळ्या फुलाचं चित्र दिसे, सूर्यफूल, तिनं लावलेलं, अन् मंग बाकीचं. आता मोबाइल उघडतो तं नुसता काळा चौकोन. काहीच नाही. पोरीनं विंडोज काढून टाकलं अन् ते लिनक्स टाकलं, असं तिच्या मायले सांगून राह्यली होती.

अन् टाकलं कसं, तं माह्या डोळ्यासमोर! अंगणात खाटेवर बसली, पेन ड्राइव्ह खुपसला, मी तिथंच चहा पिऊन राह्यलो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भरभर वर जाऊन राह्यली. म्या विचारलं, काय करून राह्यली वो बाई, नवाकोरा हाये, बिघडवशीन. तं म्हणे — काही नाही बाबा, साफसफाई करतो. साफसफाई! मी बी म्हटलं, कर बाप्पा. मंग जेवताना समजावून सांगे मले, बाबा हे फुकट राहते, हे जगातल्या लोकायनं मिळून बनवलं, याच्या आत कोणालेबी पाहता येते, कसं केलं ते सारं उघडं राहते, लपवाछपवी नाही यात. लपवाछपवी नाही म्हणते, अन् मले तं तवापासून काहीच दिसत नाही! हा कोणता न्याय झाला, सांगा बरं?

तं आता तुमी एक काम करा. हे तिचं उडवा, पहिलेसारखं विंडोज टाका, अन् ते आपलं टाका. तिले सांगीन, खाटेवरून पडला, सुरू होत नव्हता, हेमसिंगनं दुरुस्त करून देल्ला. तुमचं नाव खराब नाही होणार. काय? सारं उडन? सारं कसं उडन — सी उडवा ना फक्त, डी तेवढं राहू द्या. आमच्या गावात कोणाचाबी कंप्युटर बिघडला की तसंच करतात, सी मारतात अन् डीमधलं जसंच्या तसं राहते, म्हणून तं सारे फोटो डीमधीच ठेवतात लोक. मले येवढं समजते, मी काही अगदी अडाणी नाही. नाही? सी-डी काही नाहीच यात? मंग ती ठेवते कुठं? सारं एकातच? तिचं कॉलेजचं प्रोजेक्टबी? हा, असन, रोज बसते ती, भाजी निवडतानाबी बाजूले उघडाच राहते. जमा कराचं हाये म्हणे लवकर. आता भाऊ — पोरगी हुशार हाये, पुन्हा करन. नाही होत काय पुन्हा? एकदा केलेलं दुसऱ्यांदा लवकर होते, वाफे पाडाचं बी तसंच असते.

असे नोका पाहू माह्याकडं. तुमाले काय वाटते, मले मजा येते? तुमाले लेकरं लहान हायेत अजून, म्हणून सुचते तुमाले. माहा शिवम, पोरगा, पुण्याले गेला कामासाठी. जाताना म्हणे, बाबा, दर सणाले येतो. आता फोन केला तं मीटिंगमधी हाये म्हणते, अन् त्याची माय, विजयमाला, फोन घेऊन तशीच बसून राहते, लागन म्हणून. दोनच लेकरं आमाले. एक गेलं. म्या त्याच्यावर कधी लक्ष ठेवलं नाही, विश्वास ठेवला, अन् मले कधी समजलं? बॅग भरून दारात उभा राह्यला तवा. मले भेव लागते, हेमसिंगभाऊ. सांगून देतो साफ. सांजच्याले घरात दिवा लागला अन् नुसते आमी दोघं एकमेकायच्या तोंडाकडं पाहत बसलो, असं दिसते मले डोळ्यासमोर. म्हणून टाकलं होतं ते. वाईट काही पाहासाठी नाही. पोरगी सोन्यासारखी हाये, वाईट काही दिसलंबी नाही कधी. दिसलं ते नागपूरचं.

नागपूरच्या मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरला होता तिनं. आमाले न विचारता. पुढचं शिकाचं, हॉस्टेलमधी राहाचं, परीक्षेची तारीख, सारं दिसलं मले मोबाइलवर, वांग्याच्या वाफ्यात उभा होतो. मंग काय — परीक्षेच्याच दिवशी अकोल्याचे पाहुणे आले तिले पाहाले. भागवत नाव पोराचं, बँकेत हाये. आता पाहुणे काय आपल्या मनानं येतात, जमन तवा येतात — बरं, म्याच म्हटलं होतं त्यायले, त्याच दिवशी या म्हणून. योगायोगच म्हणा. जमलं नाही ते वेगळं. पोरीनं साडी नेसली, पोहे देल्ले, खाली मान घालून बसली, परीक्षा गेली. पाहुणे गेल्यावर कपबशा विसळाले बसली. परीक्षेचं सांगन कशी? मले माहीत हाये हे तिले कुठं माहीत होतं.

आता पुन्हा भरला असन तिनं. माहीत हाये मले माही पोरगी, एकदा धरलं की सोडत नाही, माह्यावरच गेली. तं मले फक्त तारीख पाह्यजे. बाकी काही नाही पाहाचं. कायले पाह्यजे म्हणजे? बापाले माहीत नोको काय लेकीची परीक्षा कधी हाये? मी काय करणार हाये — मी काहीच करणार नाही, तुमी तं असे विचारून राह्यले जसे — तिलेच विचारू? विचारलं असतं. पण विचारलं तं मले कसं माहीत म्हणीन ना ती. अन् तसं एकदा झालंच. जेवता जेवता माह्या तोंडून निघून गेलं, नागपूरच्या त्या हॉस्टेलात पोरीयचे हाल होतात म्हणे. कोणी नागपूरचं नाव काढलं नव्हतं घरात. तिनं घास ताटात ठेवला. माह्याकडं पाह्यलं. मी आपलं म्हटलं, बाजारात कोणीतरी सांगत होतं. मंग जेवली. वरण मागून घेतलं तिनं. म्हणजे तिले काही समजलं नसन, नाही काय?

नसनच. कारण त्याच्यानंतर तं उलट लयच चांगली वागे माह्याशी. एक दिवस चहा घेऊन वावरात आली, कधी येत नाही ती, उन्हात. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, मले समजलंच नाही कवा मागं येऊन उभी राह्यली. म्हणे, बाबा, चहा. म्या मोबाइल खिशात टाकला, चहा पेला. माह्याजवळ बसली थोडा वेळ. भेद्राले, टमाटराले, फूल चांगलं लागलं म्हणे. अशी पोरगी हाये. मंग दोन-तीन दिवसानं ते लिनक्स —

थांबा, फोन वाजून राह्यला. तिची माय हाये. हॅलो. हा. बाजारातच हावो ना, कुठं राहीन? … काय? दुपारच्याच गाडीनं? काहून, साक्षगंध नाही झालं काय? … जेवलीबी नाही? बरं बरं. तुले काय म्हणे? … नाही, मले काय माहीत, तिच्या खोलीत असन, पाह्य चादरीखाली. ठेव.

निघाली, भाऊ. निघाली मंगरूळहून. मायले विचारून राह्यली फोनवर, लॅपटॉप टेबलावर हाये काय म्हणून. आता काय करता? तुमी बोलण्यात वेळ घालवला — बरं, म्या घालवला. सुरू करा, काय दाबाचं ते दाबा. उडवा. प्रोजेक्ट-बिजेक्ट मी पाहून घेईन, तिच्या सरायले भेटीन, पाया पडीन. काय पाहून राह्यले तुमी? पडद्यावर काय पाह्यता, तिचं नाव दिसते ते, मले माहीत हाये, निकिता, अन् खाली पासवर्ड मागते. चार रात्री म्या तेच करून पाह्यलं, तिची जन्मतारीख टाकली, मायचं नाव टाकलं, शिवमचं टाकलं, नाही उघडलं. माहं नाव? माहं नाही टाकलं. ते कायले ठेवीन ती.

खाली? काय हाये खाली? चष्मा — हा, थांबा. तिच्या नावाखाली दुसरं नाव हाये? बा — बाबा. बाबा लिहलं हाये? मले नाही दिसलं बाप्पा, मी तं वरच्यालेच दाबून राह्यलो. कोणाचे बाबा? हं. दिवाळीत म्हणे होती ती, यात तुमालेबी एक जागा करून देतो बाबा, तुमचं तुमी पाहात जा. मी विसरूनच गेलो, वाटलं लहान लेकरासारखं बोलून राह्यली. दाबा बरं त्याच्यावर. पासवर्ड नाही मागत? उघडलं? असंच?

अरे, हे तं मराठीत हाये सारं. पाहा ना! चष्मा काढूनबी वाचून राह्यलो, केवढी मोठी अक्षरं करून ठेवली. बाजारभाव — हे दाबलं की वाशीमचे भाव दिसतात काय? हवामान. अन् हे शिवमले फोन कराचं, चेहरा दिसते तसं. पाहा हेमसिंगभाऊ, तुमी मले एवढ्या दिवसात कधी करून देल्लं असं काही? पोरगीच करे. अन् मागं हा फोटो कोणाचा — मीच! आमची विहीर हाये ते, तो कठडा, तो माहा दुपट्टा. माहा फोटो लावला वो तिनं! बाकी पोरी काय काय लावतात, सूर्यफूल लावतात, अन् माह्या लेकीनं —

मागून काढला म्हणा. तोंड नाही दिसत माहं, पाठच दिसते. कवा काढला? चहा आणला त्या दिवशी? कप नाही दिसत. चहा तं नंतर देल्ला तिनं, पहिले मागं उभी होती. हातात काय हाये माह्या? मोठं होते काय हे? दोन बोटं लावून — नाही होत? तुमी करा. अजून. हा. मोबाइल हाये. मोबाइल हाये हातात अन् मोबाइलात —

पिवळं हाये.

नोका. विंडोज-बिंडोज काही नोका टाकू. हात काढा त्याच्यावरून, हेमसिंगभाऊ, काही दाबू नोका तुमी. काहीच नाही कराचं. तसंच राहू द्या.

हे पाहा, पुन्हा वाजून राह्यला. तिचाच हाये. तिचा फोन कधी नाही येत मले, मायलेच करते ती. उचलू? मीच उचलतो. हॅलो. हा, निकिता. वाशीमले हावो. … हा, माह्याजवळ हाये. म्याच आणला. … नाही, काही नाही केलं, जसा होता तसाच हाये. तुहं प्रोजेक्ट हाये. … बाबा लिहलं होतं ते उघडलं. हो. फोटो पाह्यला म्या. …

बोल ना. निकिता? गाडीत हाये काय बाई? हॅलो?

फोन चालू हाये, भाऊ, गाडीचा आवाज येऊन राह्यला, श्वास ऐकू येते तिचा. तुमी — तुमी दाराबाहेर जाऊन उभे राहता काय जरा? माहीत हाये दुकान तुमचं हाये. दोन मिनिटं. आमचं बापलेकीचं बोलणं हाये हे, दुसऱ्यानं नाही ऐकाचं. जा ना. जाताना दार ओढून घ्या.